नळीची खडखड

माझी नात म्हणते, "आजी, किती वर्षं झाली त्याला, सोड की आता." सोडायला माझी काही हरकत नाही. पण ज्यांनी ते मिटवायचं होतं ती माणसं न मिटवताच गेली, आणि राग माझ्यापाशी राहिला. मी तो जपून ठेवला आहे असंही नाही. घरात एखादी जड पेटी कुणी उचलून बाहेर नेत नाही म्हणून वर्षानुवर्षं तिथंच राहते, तसा तो राहिला आहे. तेव्हा हे प्रकरण मी रागानंच लिहिणार. ज्यांना माझ्या लहानपणच्या गोड गोष्टी हव्या आहेत त्यांनी मागं जाऊन गुऱ्हाळाचं प्रकरण पुन्हा वाचावं. तिथं काकवी भरपूर आहे.

आमचं गाव पलूसच्या पलीकडं, तेव्हाच्या सातारा जिल्ह्यात. नदीच्या अंगाला उसाचं रान आणि वरच्या माळाला जोंधळा. घरात आबा, आई आणि मी. सकाळ व्हायची ती जात्याच्या घरघरीनं, आणि तिच्यातच विहिरीवरच्या मोटेची कुईकुई मिसळायची. आईच्या चुलीवर दुपारपर्यंत भाकरी आणि आमटी, सोबत लसणीचा ठेचा. तो असा की पाहुणे आले की आई तो लपवून ठेवायची, कारण एकदा एका पाहुण्याला त्यानं उचकी लागली ती गाडी वेशीबाहेर जाईपर्यंत थांबली नव्हती. मी चौथी पास होऊन घरी बसले होते. घरी बसले म्हणतात, पण बसायला कोण देतंय? माझं मोठं काम राखणीचं. जोंधळा हुरड्यावर आला की पाखरं येत, पोपटांचे तर थवेच्या थवे. रानाच्या मधोमध चार खांबांवर माळा बांधलेला असायचा. त्यावर उभं राहून गोफण डोक्याभोवती फिरवायची आणि दोरीचं एक टोक सोडायचं, की खडा सुटलाच. जोंधळ्याचं ताट माणसापेक्षा उंच. त्याच्या शेंड्याला खडा चाटून गेला पाहिजे, पण कणसाला लागता कामा नये, नाहीतर पाखरांनी खायचं ते आपणच पाडलं असं होतं. मला ते उत्तम यायचं. फुशारकी वाटली तर वाटू दे. शेजारच्या रानातली माणसं आपल्या पोरींना सांगत, "शेवंताचा खडा बगा, कसा जातुय." त्या वयात माझ्यापाशी माझं म्हणावं असं दुसरं काही नव्हतं. अंगावरचं लुगडंसुद्धा आईचं जुनं. पण नजर माझी होती, आणि ती सरळ होती हे सगळ्या शिवाराला माहीत होतं.

तात्या म्हणजे आबांचे धाकटे भाऊ. दुसऱ्या महायुद्धात लढाईवर गेले होते. मधे बरेच दिवस त्यांचं काहीच कळलं नाही, तेव्हा आबा जेवताना मधेच हात थांबवून बसायचे आणि आई ताटात आणखी भाकरी वाढायची. मग एका दिवाळीनंतर तात्या धडधाकट परत आले. हवालदार होऊन आले. पायात बूट, मिशी कातरलेली, आणि बोलण्यात मधूनमधून 'राइट' आणि 'ओके'. गावात त्यांच्याइतका मान पाटलालाही नव्हता. लढाईवरनं जिवंत आलेल्या भावाला दुखवायचं नाही, हे आबांनी मनाशी ठरवून टाकलं असावं. घरातलं पहिलं ताट त्यांना, अंघोळीचं पहिलं पाणी त्यांना, आणि ते म्हणतील ते खरं. मीही त्यांच्यावर जीव टाकायची, हे सांगायलाच हवं. त्यांचे बूट मीच पुसायची.

पलटणीतली बंदूक सरकारजमा झाली आणि तात्यांच्या हाताला चैन पडेना. एके दिवशी ते सांगलीला गेले आणि पेठेतून छऱ्याची बंदूक घेऊन आले. कोरी करकरीत, तेलकट कागदात गुंडाळलेली. आईनं उंबऱ्यावर भाकरतुकडा ओवाळून टाकला, तात्यांवरनं आणि बंदुकीवरनंही, आणि दस्त्याला हळदकुंकू लावलं. या बंदुकीला दारू लागत नाही. नळी मधोमध मोडायची, तशी आतली स्प्रिंग दाबली जाते. मग छरा घालायचा, नळी मिटायची, नेम धरायचा आणि चाप ओढायचा. आवाज होतो तो नुसता फट् असा. तात्यांनी परसातल्या कुंपणावर वाळका भोपळा टांगला. निम्मा गाव गोळा झाला होता.

पहिला छरा चुकला. "वारं हाय," तात्या म्हणाले. वारं नव्हतं. दुसरा चुकला. "ऊन डोळ्यावर यायलंय." ऊन पाठीमागं होतं. तिसरा गोठ्याच्या पत्र्यावर वाजला तेव्हा म्हणाले, "छरे सर्दाळल्याती." लोकांनी माना डोलावल्या. मिलिट्रीतला माणूस सांगतोय म्हटल्यावर छरे सर्दाळलेलेच असणार. मग तात्यांनी बंदूक इतरांना दिली. त्यांचेही चुकले, पण त्यांनी कधी बंदूक धरलेलीच नव्हती, त्यामुळं त्यांचं कुणी काही मनावर घेतलं नाही. तात्यांची नजर माझ्यावर गेली. "शेवंते, ये. गोफणवाली न्हवं का तू? दाव यास्नी."

मी घेतली. चाप ओढला. छरा भोपळ्याच्या डावीकडनं गेला. पुन्हा तसाच नेम धरला, तर उजवीकडनं गेला. तिसऱ्यांदा श्वास धरून, दस्ता गालाला घट्ट लावून मारला, तो कुठं गेला तेही कळलं नाही. लोक हसले. मला हसण्याचं काही वाटलं नाही, मी कोड्यात पडले होते. गोफणीचा खडा चुकला की तो का चुकला हे हाताला आपोआप कळतं. दोरी लवकर सुटली, नाहीतर खडा चपटा होता, काहीतरी कळतंच. इथं हात म्हणत होता, तू बरोबर केलंस. मग मी बंदूक सरळ धरून जराशी हलवली. मिटलेली नळी सांध्यात खुटखुट वाजली. बोटानं ढकलली तर चक्क डावी-उजवी सरकत होती.

"तात्या, नळी हालतीया," मी म्हणाले.

"काय?"

"नळी ओ. मिटल्यावर बी हालतीया. बगा की, वाजतीया."

"ती मोडायची बंदूक हाय गं. मोडायची म्हनल्यावर हालनारच. आमच्या तोफा धडाधडा हालत हुत्या, त्या काय चुकत हुत्या व्हय?" पुन्हा हशा.

"पर तात्या, नेमाची माशी नळीच्या टोकावर हाय. नळी सरकली तर माशीबी सरकनार. मंग नेम कसा..."

"ए, गप," तात्या म्हणाले. हसत हसतच म्हणाले. "कोरी बंदूक हाय, इलायती. तिला नावं ठिवू नगंस. तुजा डोळाच तिरपा हाय."

झालं. इतक्या सहज ते बाहेर पडलं. जमलेल्या माणसांनी माझ्या तोंडाकडं पाहिलं, जणू आजवर कधी पाहिलंच नव्हतं. आणि एक म्हातारा म्हणाला, "व्हय की वं, डावा जरा आत वाटतुय." मला आजही त्या म्हाताऱ्याचा गळा धरावासा वाटतो. आमच्या जात्याची मधली खुंटी सैल झाली की पीठ जाडंभरडं पडायचं. तेव्हा कुणी म्हणायचं नाही की दळणारणीचा हात वाकडा आहे. आई खुंटीला चिंधी गुंडाळायची, वरून ठोकायची आणि पुन्हा दळायला बसायची. एवढी साधी अक्कल ज्या घरात रोज पहाटे वापरली जात होती, त्याच घरात एका कोऱ्या बंदुकीपुढं सगळे आंधळे झाले, आणि आंधळं ठरवलं कुणाला, तर मला.

गावात बातमी पसरायला वेळ लागत नाही. विहिरीवर घागर भरताना बायका वाकून वाकून माझे डोळे बघायला लागल्या. पोरं 'चकणी' म्हणून हाक मारून पळायची. आणि माळ्यावर आता तात्या बसू लागले. नजर वाकडी असलेल्या पोरीचं राखणीवर काय काम? गोफण फिरली की आसूड ओढल्यासारखा आवाज होतो, त्या आवाजानंच निम्मी पाखरं उठतात. छऱ्याच्या बंदुकीचं फट् पोपटांना लवकरच सवयीचं झालं. एक छरा इकडनं, एक तिकडनं, आणि पोपट आपले कणसावर उलटे लटकून निवांत हुरडा खात. मी घराच्या दारातनं लांबवर ते हिरवे थवे उतरताना बघायची आणि माझे हात शिवशिवायचे. आबा रानातनं परत आले की मोकळी झालेली कणसं हातात घेऊन बसत. "औंदा पाखरं लय," एवढंच म्हणत. बंदूक लय वाईट, असं एकदासुद्धा म्हणाले नाहीत.

मग तात्यांनी मला मिरजेला डोळ्याच्या दवाखान्यात न्यायचं ठरवलं. आगगाडीत मी खिडकीशी बसून लांबच्या झाडांवरची घरटी ओळखत होते, मोठ्यानं, मुद्दाम, तात्यांना ऐकू जाईल असं. त्यांनी ऐकू आल्याचं दाखवलं नाही. मिरजेत सतारी करणाऱ्यांच्या गल्लीतनं जाताना दुकानांपुढं मोठाले भोपळे वाळत टांगलेले होते. तात्या म्हणाले, "ह्यो तरी लागंल का गं तुला?" आणि आपल्याच विनोदावर खूश होऊन चालत राहिले. दवाखान्यातले डॉक्टर वयस्कर होते, आवाज बारीक. त्यांनी विचारलं, "मुलीला काय होतंय?"

"नेम चुकतुय सायेब हिचा."

"कसला नेम?"

"बंदुकीचा."

डॉक्टरांनी चष्मा काढला, तात्यांकडं पाहिलं आणि पुन्हा चष्मा लावला. मला एक डोळा झाकून भिंतीवरची अक्षरं वाचायला लावली, मग दुसरा झाकून. डोळ्यात उजेड टाकून पाहिलं. मग खिडकीपाशी नेऊन म्हणाले, "ती समोरची चिंच, तिथं काय दिसतंय सांग." मी सांगितलं की घार घरट्यात बसली आहे, तिची शेपटी बाहेर आहे आणि घरट्यात एक लाल चिंधी अडकली आहे. डॉक्टर स्वतः बराच वेळ बघत राहिले. त्यांना चिंधी दिसली नाही. ते तात्यांना म्हणाले, "हिचे डोळे माझ्याहून चांगले आहेत. मुलीला घरी न्या, आणि ती बंदूक दाखवा कुणाला तरी."

माझ्या आयुष्यात माझ्याबद्दल एवढं चांगलं तोवर कुणी बोललं नव्हतं. परतीच्या गाडीत मी किती आनंदात होते! तात्यांनी मला स्टेशनावर केळी घेऊन दिली, स्वतः खाल्ली नाहीत. मला वाटलं, घरी गेल्यावर ते सांगतील, आबा हसतील, आई माझी दृष्ट काढेल आणि मी माळ्यावर जाईन. अजून थोडा हुरडा शिल्लक होता.

घरी पाय धुऊन तात्या पाटावर बसले. आई चुलीपाशी भाकरी थापत होती. आबांनी विचारलं, "काय म्हनला डाक्टर?"

"काय म्हनतुय," तात्या म्हणाले. "नजर आतनं वाकडी हाय म्हनला. वरनं दिसून येत न्हाई. म्हनला, सकाळच्याला मध घालत ऱ्हावा, बगू."

मला आधी वाटलं, मीच काहीतरी चुकीचं ऐकते आहे. "न्हाई आबा," मी म्हणाले, "तसं न्हाई म्हनले ते. ते म्हनले, माजं डोळं चांगलं हायती, बंदूक..."

तात्यांनी माझ्या कानाखाली मारली. त्यांनी मला त्याआधी कधी बोटही लावलं नव्हतं. आबांनी ताटातली नजर वर केली नाही. भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आईनं ती उलटली. घरच्यांच्या हिशेबी माझी नजर त्या दिवसापासून कायमची वाकडी झाली.

आता या वयात मला कळतं की तात्यांना काय झालं असेल. निम्म्या गावासमोर छरे चुकले होते. बंदूक वाईट म्हणावी तर ती पेठेतनं पारखून आणणारे तेच, आणि स्वतःचा नेम गेला म्हणावं तर मग हवालदाराचं राहिलं काय? चौथी पास पुतणीच्या डोळ्यावर ढकललं की सगळं भागत होतं. शिवाय लढाईत त्यांनी काय काय पाहिलं असेल, ते रात्री दचकून उठायचे, हेही मला ठाऊक आहे. सगळं ठाऊक आहे. पण कारण समजलं की राग जातो असं जे लोक म्हणतात, त्यांना बहुतेक कधी नीट राग आलेला नसतो. मला कारण समजलं, आणि राग थोडा वाढलाच.

रोज सकाळी आई माझं डोकं मांडीवर घेऊन डोळ्यात मध घालायची. मध फार झोंबतो. डोळे लाल होऊन पाणी गळायचं, आणि त्या लाल डोळ्यांकडं बघून बायका म्हणायच्या, "बग, हाय की खोट." आई म्हणायची, "घाल म्हनत्यात तर घालू. नजर चांगली असली तर मधानं काय बिगडतंय?" मी तिच्यावरही चिडले होते. तिला मी एकांतात सगळं सांगितलं होतं, घारीची शेपटी, लाल चिंधी, सगळं. ती नुसती ऐकत राहिली होती आणि मग म्हणाली होती, "असू दे." असू दे! या दोन शब्दांत आमच्याकडच्या बायकांनी किती गोष्टी गाडल्या आहेत. पण सगळ्यांत वाईट हे नव्हतं. सगळ्यांत वाईट हे, की हळूहळू माझा मलाच भरवसा वाटेना. मी गोठ्याची चौकट एका डोळ्यानं बघायची, मग दुसऱ्या, आणि ती जराशी हललेली दिसायची. तशी ती सगळ्यांनाच दिसते, हे मला कोण सांगणार? देवळाचा कळस मला सरळ दिसायचा, आणि मी मनाशी म्हणायची, कदाचित तो वाकडाच असेल आणि मला सरळ दिसत असेल. माझ्याजवळची एकुलती एक गोष्ट त्यांनी घेतली होती, आणि आता ती त्यांनी घेतली की माझ्याकडं मुळात नव्हतीच, हेही मला ठरवता येत नव्हतं.

सुगी सरत आली आणि कडेगावचं स्थळ आलं. उसाचं मोठं रान, घरात भरपूर माणसं. मुलाचे वडील रामजी बापू, पहिल्या लढाईत शिपाई होते म्हणत. आबांच्या हे स्थळ फार मनात होतं. पाहुणे यायच्या आधीच तात्यांनी मध्यस्थाबरोबर निरोप धाडला होता की पोरगी कामाला वाघीण आहे, पण नजरेत थोडी खोट आहे, आम्ही फसवून देणारी माणसं नव्हे. आणि वर छाती काढून आबांना म्हणाले, "दादा, मिलिट्रीत एक शिकलो बग. खोटं बोलायचं न्हाई."

त्या काळी मुलगा यायचा नाही, मोठी माणसंच बघून जायची. रामजी बापू आले, त्यांची बायको आली, सोबत दोन-तीन भावकीतले. आईनं शेवयांची खीर केली होती आणि घरातली सगळी साखर तिच्यात घातली होती. मी हिरवं लुगडं नेसून, खाली मान घालून पाटावर बसले. नाव विचारलं, चालायला लावलं. मग रामजी बापूंच्या बायकोनं कनवटीची सुई काढली आणि दोरा पुढं केला. "ओव बगू." मी एका दमात ओवला. बाईंनी दोरा काढला, पुन्हा दिला. पुन्हा ओवला. "जवळचं दिसतंय की," त्या म्हणाल्या. "पर लांबचं?"

"लांबचं बगायचं तर बंदूक हाय की," तात्या उत्साहानं उठले. "पोरीला मारायला लावू. तुमीच बगा मंग, खरं सांगिटलं का खोटं."

आणि माझ्या डोळ्याची परीक्षा घ्यायला ती बंदूक, तीच बंदूक, बघण्याच्या बैठकीत आणली. परसात भोपळा टांगला. हे सगळं कुणालाच विचित्र वाटलं नाही. उलट भावकीतली माणसं सरसावून बसली. तात्या मला बंदूक देणार एवढ्यात रामजी बापूंनी हात पुढं केला. "बगू तरी, कसली हाय." त्यांनी ती हातात तोलली, आडवी धरली आणि जराशी हलवली. खुटखुट.

"हवालदार," ते म्हणाले, "नळी ढिली हाय की वं ही."

"आँ?" तात्या म्हणाले. पुढं झाले, बोटानं नळी ढकलली. "आयला, व्हय की! हालतीया की ही!"

"हालतीयाच," आबा म्हणाले.

"मंग नेम कसा बसनार?" भावकीतला एक म्हणाला. "माशी नळीवर हाय न्हवं. नळी सरकली की माशी सरकनार."

माझेच शब्द. अगदी तेच. ते म्हणाले म्हणून मी तिरप्या डोळ्याची ठरले होते, आणि आता एका फेट्यातल्या पाहुण्यानं बंदूक एकदा हलवली की सगळ्यांना एकदम दिसायला लागलं, सगळ्यांना एकदम कळायला लागलं. रामजी बापूंनी चंचीतनं अडकित्ता काढला, त्याच्या पात्याचं टोक सांध्यावरच्या स्क्रूच्या खाचेत बसवलं आणि पिळलं. अर्धा आटा. त्याहून जास्त नाही. नळी गप्प झाली. एवढ्यासाठी माझ्या डोळ्यांत तो सगळा मध गेला होता. रामजी बापूंनी मारला, भोपळ्याला भोक पडलं. तात्यांनी मारला, भोक पडलं. पुन्हा मारला, पुन्हा लागला. "ह्याला म्हनत्यात हवालदार!" कुणीतरी ओरडलं. आबा इतके हसत होते की त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. लढाईवर गेलेला भाऊ त्यांना त्या दिवशी पुरता परत मिळाला असावा. मग सगळे हसत हसत आत येऊन बसले. ज्या परीक्षेसाठी बंदूक बाहेर काढली होती ती राहूनच गेली. मला कुणी बंदूक दिली नाही, आणि दिली नाही हे कुणाच्या लक्षातही आलं नाही.

"पोरगी पसंत हाय," रामजी बापू म्हणाले. त्यांच्या बायकोनं मला कुंकू लावलं, खण आणि नारळ हातात घेतला आणि म्हणाल्या, "पदर पसर गं."

मी पदर पसरला नाही. उठून उभी राहिले. मग म्हणाले, "तात्या, आदी माज्या डोळ्याचं म्हना."

"काय म्हनू?"

"माजा डोळा चांगला हाय म्हना. डाक्टरनं सांगिटलं तसं म्हना. सगळ्यांम्होरं."

तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि मग ते हसले, तेच मोकळं, सगळ्यांना आवडणारं हसू. "अगं, बंदूक दुरुस्त झाली न्हवं का? मंग तुजा डोळाबी झाला म्हनायचं दुरुस्त!"

सगळे हसले. आबाही हसले. रामजी बापू हसले, त्यांची बायको हसली, तिच्या हातातला नारळ हसताना हलत होता. तात्यांना वाटलं असेल, झालं, मिटलं. मी पदर दोन्ही हातांनी छातीशी घट्ट आवळून धरला. "दुरुस्त न्हाई झाला," मी म्हणाले. "तो बिगडलाच नव्हता. तसं म्हना. तवर मी वटी घेनार न्हाई."

हसणं थांबलं. बाई हातात नारळ धरून उभ्या राहिल्या, नवऱ्याकडं बघत. तात्या म्हणाले, "दादा, हिला आवर." आबांनी मला डोळ्यांनी दटावलं. मी तात्यांकडंच बघत राहिले. एक वाक्य होतं. त्यांचं काहीही जाणार नव्हतं. भोपळ्याला भोकं पडली होती, हवालदारकी शाबूत होती. तरी त्या माणसाच्या तोंडातनं ते निघेना. शेवटी बाईंनी नारळ पुन्हा पिशवीत घातला आणि म्हणाल्या, "डोळ्याचं ऱ्हाऊ द्या, पोरीचं तोंडच लय धारदार हाय." पाहुणे उठले. कुणी पान घेतलं नाही.

त्यांची बैलगाडी वळणाआड गेली आणि आबा माझ्यावर हात उगारून आले. मी हलले नाही. आई कुठनं मधे आली ते मला दिसलं नाही. तिनं आबांचं मनगट धरलं. तिच्या हाताला अजून खिरीचं दूध होतं. माझ्या आईनं आबांना तोवर कधी उलट शब्द बोललेला मी ऐकला नव्हता.

"आदी तिच्या डोळ्याचं म्हना," आई म्हणाली. "मंग मारा."

तात्या दारात बंदूक पुसत उभे होते. आबांनी त्यांच्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. आईनं मनगट सोडलं नव्हतं. हळूहळू आबांचा हात खाली आला आणि ते चपला घालून रानाकडं निघून गेले. त्यांनी मला मारलं नाही. पण म्हटलंही नाही.